वाटी रिकामी परत देऊ नये

सोनखताचा, म्हणजे माणसाच्या मैल्याच्या खताचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “म्हणजे त्या खतावर वाढलेली मेथी आपण खायची?” विचारणाऱ्याचं नाक तोवर मुरडलेलं असतं. दुसरा प्रश्न थोडा थांबून, दबक्या आवाजात येतो: “आणि तो खड्डा उपसणार कोण?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर जीवशास्त्र देतं. दुसऱ्याचं उत्तर देताना आपल्या समाजाच्या इतिहासाकडे मान खाली घालून बघावं लागतं. मला या विषयात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की दोन्ही उत्तरं शेवटी एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात, आणि ती गोष्ट म्हणजे वेळ. मैला योग्य जागी पुरेसा काळ पडून राहिला की निर्धोक होतो. आणि जे काम आपण पिढ्यान् पिढ्या काही माणसांच्या डोक्यावर लादलं, तेही हा वेळच करून टाकतो. तिथपर्यंत पोचायला आधी थोडा हिशेब मांडावा लागेल.

१. पोटात गेलेलं जातं कुठं?

पिकाला तीन गोष्टी भरपूर लागतात: नत्र, स्फुरद आणि पालाश. खताच्या गोणीवर १०:२६:२६ असे आकडे असतात, ते या तिघांचं प्रमाण सांगतात. नत्रानं पान हिरवं होतं, स्फुरदानं मुळं धरतात, पालाशानं पिकाला दम येतो. हे तिन्ही जमिनीतून पिकात, पिकातून धान्यात आणि धान्यातून ताटात येतात.

मग पुढे? वाढत्या वयाचं मूल त्यातलं थोडंसं हाडामांसासाठी ठेवून घेतं. पण ज्याचं वजन वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच आहे अशा मोठ्या माणसाच्या शरीरात जमा तेवढाच खर्च असतो. नत्र आणि स्फुरद आपल्या देहात धर्मशाळेत उतरल्यासारखे येतात, काम करतात आणि निघून जातात.

किती जातात ते घरच्या घरी काढता येतं. दिवसाला ५० ग्रॅम प्रथिनं खाणारा माणूस धरू. प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नत्र असतं, म्हणजे दिवसाला ८ ग्रॅम आणि वर्षाला २.९ किलो. भारतातल्या सरासरी आहारावरून अभ्यासकांनी काढलेला अंदाज याच्या जवळचाच आहे: माणशी वर्षाला सुमारे २.७ किलो नत्र, ०.४ किलो स्फुरद आणि दीड किलोच्या आसपास पालाश.

पाच माणसांच्या घरातून वर्षाला साडेतेरा किलो नत्र बाहेर पडतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे २०.७ किलो. तेव्हा हे घर वर्षाला दोन तृतीयांश गोणी युरिया संडासात ओतत असतं. दोन हजार वस्तीच्या गावाचा हिशेब ५,४०० किलो नत्रावर जातो, म्हणजे सुमारे २६० गोण्या. सगळंच हाती लागणार नाही, काही अमोनिया होऊन हवेत उडेल, काही झिरपेल. निम्मं मिळालं तरी १३० गोण्या.

आपल्याकडे शेजारणीनं वाटीभर काही दिलं तर ती वाटी रिकामी परत देत नाहीत. निदान चार दाणे साखरेचे तरी घालतात. शेताच्या बाबतीत आपण ही रीत विसरलो. दर हंगामाला शेत भरली वाटी पाठवतं. बदल्यात आपण गोणीतलं खत घालतो, पण ते नैसर्गिक वायू जाळून आणि परदेशी खाणी उकरून आणलेलं असतं. वाटीत आलेलं मात्र कधीच परत जात नाही.

२. शरीरानं आधीच वेगळं केलेलं

बहुतेकांना वाटतं की खताचा सगळा अर्क विष्ठेत असतो. खरी गोष्ट उलटी आहे. माणसातून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकी ८० ते ९० टक्के नत्र मूत्रावाटे जातं, आणि स्फुरदाचाही निम्म्याहून जास्त वाटा मूत्रातच असतो.

याचं कारण पचनात आहे. डाळीतली प्रथिनं आतड्यात सुटी होतात, रक्तात शोषली जातात आणि शरीरभर वापरली जातात. वापरून झाल्यावर उरलेल्या नत्राचा यकृत युरिया बनवतं आणि मूत्रपिंडं तो गाळून बाहेर टाकतात. गोणीतला युरिया आणि हा युरिया यांच्या रेणूत काडीचाही फरक नाही. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हा सजीवांचा पदार्थ निर्जीव काचपात्रात बनतो हे पाहून जाणकार चकित झाले होते. स्फुरदाचा शोध तर मूत्रातूनच लागला. हँबर्गच्या हेनिग ब्रांटनं १६६९ मध्ये सोनं मिळेल या आशेनं मूत्र आटवलं आणि त्याच्या हाती अंधारात चमकणारा फॉस्फरस आला. ज्या पदार्थाला आपण सोनखत म्हणतो त्यात खरोखरीचं सोनं शोधणारा हा माणूस!

विष्ठेत जाते ती न पचलेली चोथ्यासारखी सामग्री, थोडं नत्र, थोडं स्फुरद आणि रोगजंतू असतील तर बहुतेक सगळे रोगजंतू. निरोगी माणसाचं मूत्र त्या मानानं जवळपास निर्धोक असतं. म्हणजे खत एका वाटेनं आणि धोका दुसऱ्या वाटेनं, अशी सोय शरीरानं करून ठेवलेली आहे. आपण मात्र संडासाच्या भांड्यात दोन्ही एकत्र करतो, त्यावर सहा ते दहा लिटर पिण्याच्या लायकीचं पाणी ओततो, गटारात अंघोळीचं, धुण्याचं आणि कारखान्याचं पाणी मिसळतो, आणि मग हे सगळं पुन्हा वेगळं करायला कोट्यवधी रुपयांची यंत्रं बसवतो. घरातल्या एकूण सांडपाण्यात मूत्राचा वाटा आकारमानानं जेमतेम एक टक्का आहे. त्या एका टक्क्यात बहुतेक सगळं नत्र आहे.

३. जलपर्णीला खत कोण घालतं?

दर उन्हाळ्यात इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा, पंचगंगा यांच्या पात्रांवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. महापालिका यंत्रं लावून ती काढते आणि ती पुन्हा येते. लोक विचारतात, ही वनस्पती इतकी जोमानं वाढते तरी कशी? उत्तर सोपं आहे. तिला रोज खत मिळतं. वर काढलेला २६० गोण्यांचा हिशेब एका गावाचा होता; नदीकाठच्या दहा लाखांच्या शहराचा करून पाहा. १,३०,००० गोण्या होतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं त्यातली घाण बऱ्यापैकी कमी करतात, पण साध्या पद्धतीच्या केंद्रांत नत्र आणि स्फुरद पूर्ण निघत नाहीत, आणि पुष्कळ सांडपाणी केंद्रापर्यंत पोचतही नाही. मुंबईचं पुष्कळसं सांडपाणी लांब नळांनी अरबी समुद्रात सोडलं जातं.

याउलट कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेश आहे. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत जातं, उन्हात शेवाळ वाढतं, शेवाळ मासे खातात, आणि ते मासे शहराच्या बाजारात परत येतात. काठावर भाजीपाला आणि भातशेती आहे. ही व्यवस्था कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी अनुभवातून उभी केली. ध्रुवज्योती घोष या अभियंत्यानं आयुष्य वेचून तिचं मोल जगासमोर मांडलं, आणि २००२ मध्ये तिला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सरकारी खर्चानं बांधलेल्या कुठल्याही केंद्राइतकाच मला हा प्रदेश अभियांत्रिकीचा नमुना वाटतो.

वाटी परत देण्याची रीत पूर्वेकडच्या देशांत फार जुनी आहे. एफ. एच. किंग या अमेरिकी मृदाशास्त्रज्ञानं चीन, कोरिया, जपान पाहून लिहिलेलं पुस्तक १९११ मध्ये आलं. त्यात नोंद आहे की १९०८ साली शांघायमधल्या परकीय वसाहतीनं आपल्या हद्दीतला ७८,००० टन मैला उचलण्याचा हक्क एका ठेकेदाराला विकला, आणि त्यासाठी त्या ठेकेदारानं ३१,००० सुवर्ण डॉलर मोजले. उचलण्यासाठी पैसे द्यावे लागले नाहीत, उलट मिळाले! जपानच्या ओसाकात भाडेकरूंच्या विष्ठेवर घरमालकाचा हक्क असे आणि मूत्रावर भाडेकरूचा. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आसपासचे ऊस बागायतदार शहराच्या सोनखताचे गिऱ्हाईक होते. हे सोनखत वाहून कोण आणत होतं, त्याकडे शेवटी येऊ.

४. जंताचं अंडं

आता पहिला प्रश्न. मेथी खायची का?

पटकी, विषमज्वर, कावीळ, पोलिओ, हगवण हे सगळे विष्ठेतून तोंडापर्यंत पोचणारे आजार आहेत. म्हणून ताजा मैला शेतात घालणं हा गुन्हाच समजावा. किळस ही इथं आपली मैत्रीण आहे, तिनं माणूसजातीचे जीव वाचवले आहेत.

पण शेतकऱ्याला ‘मुरणं’ हा शब्द नीट कळतो. कच्चं शेण कुणी शेतात घालत नाही. त्यानं पीक होरपळतं, हुमणीचा उपद्रव वाढतो. उकिरड्यात ते मुरू देतात, काळं आणि भुसभुशीत झालं की गाडी भरतात. माणसाच्या विष्ठेचंही तसंच आहे, फक्त इथं जास्त काटेकोर राहावं लागतं. रोगजंतूंना आपलं आतडं हेच घर. बाहेर पडल्यावर त्यांना ऊब मिळत नाही, अन्न मिळत नाही, मातीतले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. बरेचसे जिवाणू आणि विषाणू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतात. कोरडेपणा, उष्णता आणि राख किंवा चुना यांच्यासारखा अल्कली पदार्थ असेल तर आणखी लवकर.

सगळ्यांत चिवट ठरतं ते गोल जंताचं अंडं. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते, आणि त्या अंड्याचं कवच असं जाड असतं की ते मातीत महिनोन् महिने तग धरतं. म्हणून शास्त्रज्ञ त्यालाच मापदंड मानतात. ते मेलं की बाकीचे केव्हाच मेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार थंड हवेत दीड ते दोन वर्षं, आणि २० अंशांच्या वर तापमान असलेल्या प्रदेशात एक वर्षाहून जास्त काळ ताजी भर न घालता साठवलेली विष्ठा वापरायला योग्य होते. ढिगाचं तापमान ५० अंशांच्या वर आठवडाभर टिकवलं तर अंडी त्याहून खूप आधी मरतात, पण घरगुती खड्ड्यात तेवढी उष्णता सहसा येत नाही. तिथं आपला भरवसा वेळेवरच.

तेव्हा उत्तर असं: पुरतं मुरलेलं खत असेल तर शिजवून खायच्या मेथीला हरकत नाही. तरीही माझा सल्ला सावधपणाचा आहे. नारळ, आंबा, केळी, ऊस, ज्वारी यांना ते घालावं. कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खायच्या पिकांना घालू नये. वापरताना हातमोजे, नंतर साबण, आणि पोरांना दूर ठेवणं हे ओघानं आलंच.

५. दोन खड्डे आणि एक वर्ष

मैल्याला वेळ मिळावा याची सगळ्यात साधी सोय म्हणजे दोन शोषखड्ड्यांचा संडास. भांड्याकडून येणारा नळ वाय चेंबरमध्ये येतो. तिथून दोन फाटे दोन खड्ड्यांकडे जातात. एक फाटा वीट लावून बंद ठेवायचा. पहिला खड्डा भरला की वीट काढून दुसऱ्या बाजूला लावायची. दुसरा भरेपर्यंत पहिला झाकून ठेवायचा.

किती दिवस? खड्डा गोल, एक मीटर व्यासाचा आणि एक मीटर खोल असेल तर त्यात ७८५ लिटर मावतात. खड्ड्याच्या भिंती जाळीदार विटांच्या आणि तळ मातीचाच असल्यामुळे पाणी आणि मूत्र झिरपून जातं, आणि घट्ट भाग माणशी वर्षाला साधारण ४५ लिटर साचतो. पाच माणसं, २२५ लिटर. म्हणजे साडेतीन वर्षं! इतकाच वेळ दुसरा खड्डा घेणार, आणि तेवढ्या काळात पहिला गरजेच्या दुपटीहून जास्त मुरलेला असणार.

इतकी साधी रचना असूनही ती बिघडवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. ‘दोन छोटे कशाला, एक मोठा घ्या’ म्हणून गवंडी पंधरा फुटांचा एकच खड्डा खणतो, तो भरला की ताजा मैला उपसण्यावाचून गत्यंतर नसतं. कुणी वीट लावायला विसरतं आणि दोन्ही खड्डे एकदमच भरतात. कुणी तळाला सिमेंट ओततं. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, तिथं खड्ड्याभोवती वाळूचं किंवा विटांच्या तुकड्यांचं कवच द्यावं लागतं. विहीर आणि कूपनलिका खड्ड्यापासून निदान दहा मीटर दूर असाव्यात. कोकणात पावसाळ्यात भूजल अगदी वर येतं आणि खडकाळ जमिनीत भेगांमधून घाण लांब वाहते, तिथं जमिनीच्या वर बांधलेल्या खड्ड्यांचा किंवा दुसऱ्या पद्धतीचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. या खड्ड्यातलं खत जमिनीचा पोत सुधारतं, त्यात स्फुरद असतं, पण नत्र कमी असतं. ते मूत्राबरोबर मातीत झिरपून गेलेलं असतं. नत्र हवं असेल तर मूत्र आधीच वेगळं करावं लागेल.

गावागावांत लोक ज्याला ‘सेफ्टी टँक’ म्हणतात ती सेप्टिक टाकी मात्र या बाबतीत फसवी आहे. तिच्यात गाळ तळाशी बसतो इतकंच. रोज वरून ताजी भर पडते, त्यामुळे मुरायला सलग वेळ कधीच मिळत नाही. वरचं पाणी उघड्या गटारात सोडलेलं असेल तर घर स्वच्छ आणि गल्ली घाण एवढाच काय तो फरक.

६. डबाभर मूत्र

मूत्र वेगळं करायला पुढच्या बाजूला निराळं छिद्र असलेलं भांडं मिळतं. त्याहून सोपं म्हणजे शाळा, वसतिगृहं, एसटी स्थानकं इथल्या मुताऱ्यांना पाणी न मिसळता टाकी जोडणं. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळच्या मुसिरी इथं अशा रचनेचं सार्वजनिक शौचालय बांधलं, तेव्हा वापरणाऱ्याकडून पैसे घेण्याऐवजी त्यालाच पैसे देण्याची पद्धत सुरू केली होती. शांघायच्या ठेकेदाराला ही कल्पना लगेच पटली असती. दक्षिण आफ्रिकेच्या डर्बन महापालिकेनं गटार न पोचलेल्या वस्त्यांत मूत्र वेगळं करणारे हजारो संडास बांधले. त्याच शहराबरोबर काम करून स्वित्झर्लंडच्या ‘इआवाग’ या जलसंशोधन संस्थेनं मूत्रापासून ‘ऑरिन’ नावाचं द्रवखत बनवलं, आणि २०१८ मध्ये स्विस सरकारनं ते अन्नपिकांसकट सगळ्या पिकांसाठी मान्य केलं.

घरी करायचं तर कृती छोटी आहे. मूत्र घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवायचं, उघडं ठेवलं तर युरियाचा अमोनिया होऊन नत्र आणि शेजारपाजारची मर्जी दोन्ही उडून जातात. बंद कॅनमध्ये तोच अमोनिया द्रवाला अल्कली बनवतो आणि चुकून आलेले जंतू मारतो. घरच्यांनी घरच्याच झाडांना घालायचं तर साठवण्याची गरज नाही. दुसऱ्यांनी खायच्या पिकासाठी सहा महिने ठेवावं. एक भाग मूत्रात तीन ते पाच भाग पाणी मिसळून खोडापासून थोडं लांब आळ्यात ओतायचं आणि वर माती ओढायची. पानांवर शिंपडायचं नाही. काढणीच्या महिनाभर आधी थांबायचं.

याच्या मर्यादाही आहेत. मूत्रात मीठ असतं, म्हणून चोपण किंवा खारट जमिनीत ते घालू नये. औषधांचे अंश येतात. मातीतले जिवाणू त्यातले बरेच मोडतात, पण ऑरिन बनवणारे ते सक्रिय कोळशानं गाळून काढतात, आणि मला ती काळजी योग्य वाटते. सगळ्यात मोठी अडचण वजनाची. एक माणूस वर्षाला सुमारे ५०० लिटर मूत्र देतो. परसातल्या केळीला ते पुरेसं जवळ आहे, सातव्या मजल्यावरून तालुक्याच्या शेतापर्यंत ते नेणं परवडत नाही. शहरात ते आटवावं लागेल, नाहीतर त्यातून घन खत काढावं लागेल. त्यासाठीची एक युक्ती मूत्रपिंडात आपोआप घडते. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र आले की स्ट्रुवाइट नावाचे खडे बनतात, तो मुतखड्याचाच एक प्रकार. सांडपाण्यात मॅग्नेशियम घालून मुद्दाम असे खडे बनवले की ते हळूहळू विरघळणारं उत्तम खत होतं. अमेरिकेत ऑरेगनमधल्या एका शुद्धीकरण केंद्रात २००९ पासून हे काम चालू आहे.

७. वाईची गाडी आणि २६६ रुपयांची गोणी

शहरांसाठी मधला मार्ग म्हणजे सेप्टिक टाक्यांमधला गाळ ठरलेल्या वेळी यंत्रानं उपसून एका केंद्रात नेणं. सातारा जिल्ह्यातल्या वाईनं २०१८ पासून असं वेळापत्रक बसवलं. टाकी तुंबून रस्त्यावर वाहू लागण्याची वाट न बघता दर तीन वर्षांनी प्रत्येक घरी गाडी जाते. गाळावर तापवून प्रक्रिया होते, जंतू मरतात, कोळसा उरतो. नत्राचा बराच भाग मात्र उष्णतेत निघून जातो. बंगळुरूजवळ देवनहळ्ळीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात गाळ सुकवून शहराच्या ओल्या कचऱ्याबरोबर कुजवतात आणि ते खत शेतकरी नेतात. मला दुसरी वाट जास्त भावते, पण जागा नसलेल्या गावाला पहिलीही चालेल.

मोठ्या शहरांच्या गटारातल्या गाळाबद्दल मात्र मी शेतकऱ्याला सरसकट होकार देणार नाही. त्यात कारखान्यांची आणि घरगुती रसायनं मिसळलेली असतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात वर्षानुवर्षं असा गाळ शेतात टाकला गेला, त्यातून न मोडणारी रसायनं जमिनीत आणि दुधात उतरली, आणि २०२२ मध्ये त्या राज्यानं गाळ शेतात टाकण्यावरच बंदी घातली. मिसळल्यानंतर कितीही वेळ दिला तरी ती रसायनं मुरत नाहीत.

आणि किमतीचं काय? अनुदानामुळे युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपयांच्या आसपास मिळते. या भावाशी डबाभर मूत्र कसं टक्कर देणार? नाहीच देऊ शकत. पण गोणीचा उरलेला खर्च सरकार भरतं, म्हणजे आपणच भरतो. पालाश आपल्याला जवळजवळ सगळं परदेशातून आणावं लागतं. स्फुरदाच्या खडकाचे जगातले बहुतेक साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत, आणि स्फुरदाला पर्याय असलेलं दुसरं मूलद्रव्य नाही. तेच स्फुरद इंद्रायणीतून रोज वाहतं.

८. उपसणार कोण?

आपल्या भाषेनं या पदार्थाला सोन्याचं नाव दिलं आणि तो वाहणाऱ्याला अस्पृश्य ठरवलं. पुण्याच्या उसाला मिळालेलं सोनखत टोपलीच्या संडासांतून, माणसांच्या डोक्यांवरून आलं होतं. त्या माणसांची जात जन्मानं ठरलेली होती आणि काम नाकारण्याची सोय नव्हती. म्हणून मैल्याच्या खताचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकानं, मीही, हे आधी बोललं पाहिजे.

कोकणातले अप्पा पटवर्धन हे बोलले आणि जगले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम स्वतःला मिळावं अशी मागणी केली. तुरुंगानं नकार दिला, त्यांनी अन्न सोडलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास सुरू केला. सरकारला नमतं घ्यावं लागलं. स्वातंत्र्यानंतर कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी असे संडास बनवण्याचा ध्यास घेतला, ज्यात ताजा मैला कुणालाच हाताळावा लागणार नाही आणि त्याचं खतही वाया जाणार नाही. जातीच्या प्रश्नाला त्यांनी बांधकामाच्या नकाशात उत्तर शोधलं.

ते उत्तर पुढे गेलं ते देहूत. १९६० च्या सुमारास डॉ. सु. वि. मापुसकर तिथं सरकारी दवाखान्यात आले. तेच तेच पोटाचे रोगी बघून, गोळ्या देण्यापेक्षा संडास बांधले पाहिजेत या निष्कर्षाला ते पोचले. पहिले प्रयत्न फसले. मग अप्पांच्या कामाशी ते जोडले गेले, गावातच राहिले, आणि घरोघरी संडास व्हायला त्यांनी वीसेक वर्षं दिली. संडास थेट गॅसच्या टाकीला जोडणारी ‘मलप्रभा’ ही रचना त्यांनी विकसित केली: मैल्यावर चूल पेटते आणि बाहेर पडणारी मळी शेतात जाते. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हातानं मैला वाहण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. तरी आजही माणसं गटारात आणि टाक्यांत उतरवली जातात, सडलेल्या मैल्यातल्या विषारी वायूनं गुदमरून मरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. ज्या टाकीला मुरण्याची सवड नाही, तिच्यात कुणाला तरी उतरवलं जाणार, हे रचनेतच लिहिलेलं असतं.

मुरलेला खड्डा उघडताना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा झाकण सरकवण्याआधीच दोन पावलं मागे गेलो होतो. आत चहाच्या चोथ्यासारखी काळी, हलकी माती होती. वास पहिल्या पावसानंतरच्या परसाचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्रीय सचिव परमेश्वरन अय्यर आणि बऱ्याच राज्यांचे अधिकारी स्वतः अशा खड्ड्यात उतरले, फावड्यानं खत काढलं आणि ते हातात धरून दाखवलं. सफाईचं काम ज्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, अशांनी हे सगळ्यांदेखत करणं गरजेचंच होतं.

घरी दोन खड्डे असतील तर एक छोटं काम जरूर करावं. भरलेला खड्डा बंद कराल त्या दिवशी झाकणाच्या कडेला थोडं सिमेंट लावून, ते ओलं असतानाच त्यावर खिळ्यानं तारीख कोरावी. त्या तारखेपासून दोन पावसाळे जाऊ द्यावेत, मग घरातल्याच कुणीतरी फावडं घ्यावं.